जुन्या गोव्याच्या वाटेवरील दगड

दरवर्षी ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियर यांचे फेस्त येते. त्याआधीच्या नोव्हेनापासूनच गोमंतकातून आणि घाटावरच्या गावांतूनही यात्रेकरू जुन्या गोव्याची वाट धरतात; कित्येक तर पायीच येतात. बॉम जेझूच्या बासिलिकेत संतांच्या शवपेटिकेस वंदन, मिस्सा, मग फेरीतले खाजे घेऊन घरी परत, असा बहुतेक कुटुंबांचा क्रम असतो. तो योग्यच आहे. परंतु या वाटेवर काही दगडही उभे आहेत. आईबापांनी मुलांसह त्यांच्यापाशी घटकाभर थांबावे, असे आम्हांस वाटते.

मांडवीच्या धक्क्यावरून वर येताना व्हाइसरॉयची कमान लागते. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा १५९७ मध्ये व्हाइसरॉय होऊन आला, त्याच्या कारकिर्दीत ती उभी राहिली. आज दिसते ती १९५४ साली पुन्हा बांधलेली आहे. नदीच्या बाजूस पणजोबांचा पुतळा आहे. पणतवास पणजोबांचा अभिमान वाटावा यात गैर काही नाही. शहराच्या बाजूस मात्र खड्गधारी युरोपीय स्त्री असून तिच्या पायांखाली एक मनुष्य पडलेला आहे. हा कोण, असे मूल विचारील. तो या देशीचा माणूस आहे, असे सरळ सांगावे.

असिसीकर संत फ्रान्सिसच्या चर्चच्या पश्चिमेस संत कॅथरीनचे लहानसे कपेल आहे. तेथील शिलालेख पोर्तुगीज भाषेत आहे. त्याचा आशय असा, की येथे शहराचे द्वार होते. १५१० साली संत कॅथरीनच्या सणादिवशी, म्हणजे २५ नोव्हेंबरला, गव्हर्नर आफोन्सो द आल्बुकेर्क याने याच द्वाराने प्रवेश करून मुसलमानांकडून शहर घेतले. त्याच्या स्मरणार्थ गव्हर्नर जोर्ज काब्राल याने १५५० मध्ये हे मंदिर बांधविले. दगड खरे बोलतो, पण जिंकणाऱ्याच्या मुखाने बोलतो. त्या दिवशी शहरातील मुसलमानांची जी कत्तल झाली, तिच्याविषयी त्यात एक अक्षर नाही.

आदिलशहाच्या वाड्याचे तर केवळ एक दार शिल्लक आहे. हमरस्त्याजवळ ‘हात कातरो खांब’ म्हणून एक काळा स्तंभ दिसतो. तो एखाद्या प्राचीन देवळाचा असावा, असे जाणते सांगतात. येथे अपराध्यांना बांधून त्यांचे हात तोडीत, ही लोकांच्या तोंडची कथा. ती अक्षरशः खरी असो वा नसो, लोकांनी चारशे वर्षे कोणती आठवण जपली, हे त्या नावावरून कळते.

फोंड्याच्या रस्त्याला संत पॉल विद्यालयाच्या चर्चची दर्शनी भिंत एकटीच उभी आहे. आमच्या मते सर्व वाटेवरचा हा सर्वांत मोलाचा दगड होय. १५४१ मध्ये येथील संस्थेचा पाया घातला गेला, तो एतद्देशीय तरुणांच्या शिक्षणासाठी. पुढे ती येशूसंघीयांकडे आली. १५५६ मध्ये भारतातील पहिला छापखाना येथेच सुरू झाला. १५५४ च्या मार्च महिन्यात संत फ्रान्सिसचा देह मलाक्काहून आला, तोही प्रथम येथेच ठेवला गेला. मात्र तिसवाडीतील देवळे पाडल्यावर त्यांच्या जमिनींचे उत्पन्न याच धर्मकार्यास लावण्यात आले, हेही तितकेच खरे आहे. ज्यांचे पूर्वज त्या देवळांत दिवा लावीत, त्यांचीच आपण लेकरे आहोत. हे बोलल्याने श्रद्धा उणावते, असे आम्ही मानीत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १२ मार्च २००० रोजी रोममध्ये ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या अपराधांबद्दल देवापाशी उघडपणे क्षमा मागितली. त्यांत इतर लोकांच्या धर्मांचा व संस्कृतींचा अनादर केल्याचा अपराधही होता.

पुढे साथींच्या रोगांनी शहर ओस पडले. १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. विद्यालयाची इमारत त्याच शतकात पाडली गेली. उरली ती ही भिंत आणि तिची कमान.

१५४२ च्या मे महिन्यात गोव्यास आल्यावर संत फ्रान्सिस हातात घंटा घेऊन याच शहराच्या रस्त्यांतून फिरत आणि मुलांना व चाकरमाण्यांना धर्मशिक्षणास बोलावीत. मुलांना ही गोष्ट कमानीपाशीच सांगावी. बासिलिकेपासून थोडे चालावे लागते, म्हणून सकाळची मिस्सा आटोपताच, ऊन चढण्यापूर्वी निघावे. खाजे परतताना घेता येईल.