पाणंदीची मोटारसायकल घेताना



उसाची पहिली उचल खात्यावर पडली, की गट कार्यालयात लागणीच्या नोंदीपेक्षा गाडीची चौकशी जास्त होते. पूर्वी ही चौकशी सरळ असे. ज्याला दूध घालायचे तो राजदूत घेई, ज्याला हौस तो बुलेट घेई, बाकीचे सायकलवर समाधानी. आता तरुण मंडळींचा ओढा उंच बांध्याच्या, चोचीसारखे मडगार्ड असलेल्या, दगड-चिखलातून जाणाऱ्या गाड्यांकडे आहे. शोरूममध्ये त्यांना ऑफ-रोड गाड्या म्हणतात. "साहेब, आमच्या पाणंदीला हीच गाडी बरी न्हवं का?" असे पोरगे विचारते आणि बाप शेजारी गप्प उभा असतो. कारण पैसे त्याच्या उसाचे असतात.

म्हणून आधी टनात हिशेब करू. अशी गाडी सर्व खर्चासह रस्त्यावर यायला समजा दोन लाख रुपये लागले, आणि टनाला हातात ३,००० रुपये पडले, असे धरू. म्हणजे सुमारे ६७ टन ऊस झाला. एकरी ४० टन उतारा धरला, तर दीड-पावणेदोन एकराचे पूर्ण बिल, तेही मशागत, खत, पाणीपट्टी वजा न करता. एवढा ऊस ज्या वस्तूत घालायचा ती आपल्या वाटेला बसते का आणि तिचा हप्ता आपल्या बिलाच्या तारखांना बसतो का, हे दोन्ही पाहूनच शोरूमची पायरी चढावी.

प्रथम वाट. आपल्या भागातील पाणंद म्हणजे ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरने पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या, मधे उंचवटा, कडेला पाट आणि खाली काळी माती. साध्या गाडीचे पोट या उंचवट्याला घासते. स्प्लेंडर प्लसचे उदाहरण घेतले तर तिची जमिनीपासूनची उंची १६५ मिलिमीटर आहे. हीरोच्या २०२५ साली आलेल्या एक्सपल्स २१० ची २२० मिलिमीटर आहे. हा दोन इंचांहून जास्तीचा फरक चाकोरीत कळतो. शिवाय या गाडीचे पुढचे चाक २१ इंची असते. मोठे चाक ढेकळावरून आणि पाटाच्या कडेवरून चढून जाते, लहान चाक अडते. शॉकॲब्सॉर्बरची दांडी लांब असल्याने हादरा मनगटापर्यंत कमी येतो. आणि त्या चोचीच्या मडगार्डाला नुसते दिखाऊ समजू नये. काळी माती चाकाला गुंडाळत जाते आणि खाली बसवलेल्या मडगार्डात ती ठासून भरली की चाकच फिरायचे थांबते. पावसाळ्यात काडीने माती उकरत बसलेले आपण सर्वांनी पाहिले आहे. वरच्या मडगार्डात माती अडकायला जागा राहत नाही. तरीही ओल्या काळ्या रानात कोणत्याही टायरची नक्षी मातीने भरून गुळगुळीत होते, हे विसरू नये. जाहिरातीतील गाडी वाळूत आणि दगडात चालते, आपल्या गाळात नव्हे.

आता उंचीची दुसरी बाजू. गाडी उंच म्हणजे बसायची जागाही उंच. स्प्लेंडरची सीट ७८५ मिलिमीटरवर, एक्सपल्स २१० ची ८३० वर, आणि २०२४ च्या अखेरीस आलेल्या कावासाकी केएलएक्स २३० ची तब्बल ८८० वर, म्हणजे साडेचौतीस इंचांच्या पुढे. शोरूमच्या फरशीवर दोन्ही पायांचे चवडे टेकले म्हणजे झाले, असे पुष्कळांना वाटते. पण आपण चाकोरीत उभे असतो तेव्हा एक पाय उंचवट्यावर आणि दुसरा खाली पाटाकडे जातो. खालचा पाय पोचला नाही की गाडी त्याच अंगाला कलते. मग दीड-पावणेदोन क्विंटलची गाडी चिखलातून एकट्याने उचलायची असते. स्प्लेंडर ११२ किलोची, एक्सपल्स २१० सुमारे १६८ किलोची, रॉयल एनफिल्डची २०२३ साली आलेली हिमालयन ४५० तर १९६ किलोची. हिमालयन लांबच्या प्रवासाला उत्तम गाडी आहे, घाटात तिचा आनंद आहे. पण विहिरीवर मोटार चालू करायला जाण्यासाठी ती नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. घरातील सर्वांत बुटका माणूस जो ती गाडी चालवणार आहे, त्याला शोरूममध्ये बरोबर न्यावे. गाडीवर बसवून एका अंगाला थोडी कलवायला सांगावी. तिथे सावरता आली, तर पुढचे बोलणे करावे.

ओझ्याचाही विचार हवा. या गाड्यांचे स्प्रिंग मऊ आणि लांब असतात. ते खड्डा गिळण्यासाठी असतात, पोते वाहण्यासाठी नव्हे. मागे युरियाचे ४५ किलोचे पोते किंवा दुधाचे दोन कॅन बांधले, की गाडी मागे बसते, पुढचे चाक हलके होते आणि हँडल धरत नाही. कॅरिअरवर किती किलो चालते ते पुस्तिकेत लिहिलेले असते. तो आकडा पाहावा. ज्यांचे रोजचे काम दूध घालण्याचे आहे, त्यांनी साधी १०० किंवा १२५ सीसीची गाडी घ्यावी आणि उरलेल्या पैशात पाणंदीला चार ट्रॉल्या मुरूम टाकावा. हे लिहिताना मला काही तरुण सभासदांचे चेहरे दिसत आहेत, पण इलाज नाही.

मग ही गाडी घ्यावी कुणी? ज्यांची वस्ती मळ्यात आहे, डांबरी रस्त्यापर्यंत दोन-तीन किलोमीटर कच्ची वाट आहे, ओढा उतरून जावे लागते आणि रात्री लाईट आली की पाण्याला जायचे असते, त्यांना तिचा उपयोग खराच आहे. ताकदीचा फरकही मोठा आहे. स्प्लेंडरचा पिळा सुमारे ८ न्यूटन मीटर, तर एक्सपल्स २१० चा २० च्या वर. पहिल्या गिअरवर सावकाश, क्लच न जाळता चिखलातून निघता येते. पण त्याची किंमत पंपावर मोजावी लागते. वर्षाला ९,००० किलोमीटर फिरणे आहे असे धरा. लिटरला ६० देणारी गाडी १५० लिटर पिते, ३६ देणारी २५० लिटर. म्हणजे १०० लिटर पेट्रोल जादा, दरवर्षी. (आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि त्यातील मोठा वाटा आपल्यासारख्यांच्या उसातून येतो, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. पण इथेनॉलमध्ये उष्णता कमी असल्याने मायलेज किंचित घटते, तेही धरून चालावे.)

एक प्रकार मात्र कटाक्षाने टाळावा. काही ऑफ-रोड गाड्या केवळ शर्यतीच्या मैदानासाठी बनतात. कावासाकीची केएक्स मालिका त्यातली. त्यांची आरटीओकडे नोंदणी होत नाही. "आपल्याला कुठं हायवेला न्यायची हाय, रानातच फिरवायची" असे म्हणून काही जण त्यांच्याकडे वळतात. कायद्यात सार्वजनिक जागेची व्याख्या फार रुंद आहे. लोकांना जाण्यायेण्याचा हक्क असलेली कोणतीही वाट तिच्यात येते. पाणंदही येते. नोंदणी नाही म्हणजे रस्त्यावरचा विमा नाही. अशा गाडीचा धक्का लागून कुणी जायबंदी झाले, तर भरपाई विमा कंपनी देत नाही, मालकाला द्यावी लागते, आणि मालकाकडे देण्याजोगी वस्तू म्हणजे जमीन. यातच दुसरी गोष्ट आली. गिअरच्या मोटारसायकलीला वयाची १८ वर्षे पुरी लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, शिवाय गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, अशी तरतूद आहे. अकरावीतल्या मुलासाठी म्हणून गाडी बुक करणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

डीलरकडे गेल्यावर

पाटीवरची किंमत ही शोरूमची किंमत असते. तिच्यावर सीसीप्रमाणे एकरकमी रस्ता कर, नोंदणी शुल्क आणि विमा चढतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, त्यावरील गाड्यांना ४० टक्के लागू झाला. तेव्हा जुने छापील दरपत्रक कुणी दाखवले तर नवे मागावे. लेखी कोटेशन घ्यावे आणि त्यातील प्रत्येक ओळ कशाची, हे विचारावे. "हँडलिंग", "लॉजिस्टिक", "फाइल चार्ज" अशा नावांच्या रकमा सरकारी कर नाहीत. त्या का द्यायच्या असे शांतपणे विचारले, की बऱ्याच वेळा त्या गळतात. आयएसआय हेल्मेट गाडीबरोबर देण्याचा नियम आहे, त्याचे वेगळे पैसे पडायला नकोत. लेग गार्ड, कव्हर, पॉलिश हे घ्यायचे की नाही, हे आपल्या मर्जीवर.

विमा डीलरकडूनच घ्यावा असे बंधन नाही. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला तृतीय पक्षाचा विमा एकदम पाच वर्षांचा लागतो. पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा बहुधा एकाच वर्षाचा दिलेला असतो. पुष्कळ सभासद पाच वर्षांचा कागद पाहून निर्धास्त राहतात. दुसऱ्या वर्षी उसाच्या फडाला आग लागते, कडेची गाडी जळते, आणि मग कळते की भरपाईचा भाग केव्हाच संपला होता. त्या एका वर्षाच्या मुदतीची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

कर्जाबाबत अधिक सावध राहावे. शोरूममधील टेबलावर "फक्त ९ टक्के" असे सांगतात. ते ९ टक्के फ्लॅट आहेत की घटत्या शिलकीवर, हा एकच प्रश्न विचारावा. दीड लाख रुपये तीन वर्षांसाठी ९ टक्के फ्लॅटने घेतले, तर व्याज ४०,५०० रुपये आणि महिन्याचा हप्ता सुमारे ५,२९० रुपये होतो. तेच दीड लाख बँकेने किंवा पतसंस्थेने ११ टक्के घटत्या शिलकीवर दिले, तर हप्ता सुमारे ४,९१० आणि एकूण व्याज २६,८०० च्या आत. नऊ टक्के ऐकायला कमी, द्यायला जास्त. घटत्या शिलकीच्या भाषेत ते १६ टक्क्यांच्या वर जातात. तशात हप्ता दरमहा असतो आणि आपली बिले दरमहा नसतात. तेव्हा सहामाही हप्ता मिळतो का, मुदतीआधी फेडल्यास दंड आहे का, हे सहीपूर्वी विचारावे. दरमहाच घ्यावा लागला, तर बिल जमा झाले त्याच दिवशी पुढील बिलापर्यंतचे हप्ते वेगळ्या खात्यात बाजूला काढावेत. दोन हप्ते चुकले तरी नोंद होते आणि पुढे ठिबकाचे किंवा ट्रॅक्टरचे कर्ज मागताना ती आडवी येते.

चाचणीची फेरी गुळगुळीत रस्त्यावर देतात. मागे एक माणूस बसवून खडबडीत वाटेने न्यायला सांगावे. ब्रेक कच्च्या वाटेवर दाबून पाहावेत. १२५ सीसीवरील गाड्यांना एबीएस सक्तीचे आहे. डांबरावर ते जीव वाचवते, सुट्या मुरमावर मात्र गाडी थोडी लांब जाऊन थांबते. काही गाड्यांत मागच्या चाकापुरते ते बंद करता येते, त्याचे बटण समजावून घ्यावे आणि पक्क्या रस्त्याला लागताना पुन्हा चालू करावे. नंतर काउंटरवर क्लच केबल, ब्रेकची मूठ, पुढची ट्यूब आणि इंडिकेटर यांचे दर विचारावेत व ते आत्ता शिल्लक आहेत का, हेही पाहावे. गाडी पडणार, हे गृहीतच आहे. जो सुटा भाग आठ दिवसांनी पुण्याहून येतो, त्याच्यामुळे गाडी ऐन तोडणीत उभी राहते. सर्व्हिसिंगचे ठिकाण तालुक्याला असेल तर ठीक, ६० किलोमीटरवर असेल तर दुसऱ्या कंपनीची गाडी पाहावी.

पाडव्याच्या नाहीतर दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडी नेणे ही आपली रीत आहे, पण त्या दिवशी शोरूममध्ये कागद वाचायला कुणाला फुरसत नसते. कागद आदल्या दिवशी तपासावेत. फॉर्म २१ म्हणजे विक्रीचा दाखला, त्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असते. गेल्या वर्षीची गाडी असेल तर किंमत कमी करून घ्यावी. चेसिस आणि इंजिन नंबर स्वतः जुळवावेत. नंबर न पडलेली गाडी "न्या हो, प्लेट मागून देतो" म्हटले तरी नेऊ नये. कर्ज फिटल्यावर बँकेकडून ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ घेऊन आरसी बुकावरील बोजा उतरवावा. फिटले म्हणजे बोजा आपोआप उतरतो असे नाही.

जुनी गाडी बदली देणाऱ्यांनी एवढे करावे. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून त्यांच्या प्रती व डीलरची पोच जपून ठेवावी, आणि गाडी नव्या मालकाच्या नावावर चढली का, हे महिन्याभराने तपासावे. ती नावावर असेपर्यंत तिच्या अपघाताचा कागद आपल्याच घरी येतो.

ज्या सभासदांना कोटेशन किंवा कर्जाचा कागद समजावून घ्यायचा असेल, त्यांनी तो घेऊन कामाच्या वेळेत आपापल्या गट कार्यालयात यावे. सही करण्यापूर्वी यावे.

— ऊस विकास अधिकारी