साळुंकी की भोरडी? नीट पाहा, मग गोफण उचला



बाजरी दुधात आली, ज्वारी हुरड्यावर आली की आपल्या बीड जिल्ह्यात एकच तक्रार ऐकू येते, ती पाखरांची. पण सगळी पाखरं सारखी नसतात. काही राखणदार, काही वाटेकरी. त्यातल्या साळुंकी आणि भोरडी या दोघींची गफलत फार होते. ती माझ्याकडूनही झाली आहे, म्हणून आधी तेच सांगतो.

नोकरीच्या पहिल्या वर्षी भाद्रपदात आष्टी तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो. बांधावर भुरकट रंगाची, पिवळसर चोचीची वीस-पंचवीस पाखरं बसली होती. शेतकऱ्यानं विचारलं, "साहेब, हाकलू का?" मी लांबूनच पाहून सांगितलं, "तात्या, साळुंक्या आहेत. अळ्या वेचतात. राहू द्या." चार दिवसांनी पुन्हा गेलो, तर कडेच्या ओळींची कणसं बोडकी झालेली. तात्या एवढंच म्हणाले, "साहेब, साळुंक्यांनी अळ्या सोडून बाजरी खाल्ली म्हणायची!" ती साळुंकी नव्हती. ती भोरडीची त्याच वर्षीची पिल्लं होती. चूक माझी, नुकसान त्यांचं.

ही चूक का होते?

मोठी भोरडी ओळखायला सोपी. अंग गुलाबी; डोके, पंख, शेपूट काळे; डोक्यावर तुरा. हिवाळ्यात गुलाबी रंग मळकट दिसतो, इतकेच. पण पावसाळ्याच्या शेवटी येणाऱ्या थव्यांत कोवळी पाखरंही असतात. त्यांना गुलाबी रंग नसतो. ती फिकट भुरकी असतात आणि चोचही पिवळट असते. लांबून पाहणारा त्यांना साळुंकी समजतो.

ओळखीच्या पाच खुणा

1) डोळा : साळुंकीच्या डोळ्याभोवती उघड्या कातडीचा पिवळा डाग असतो. भोरडीला तो कधीच नसतो. ही पहिली आणि पक्की खूण.

2) डोके : साळुंकीचे डोके काळे, अंग तपकिरी. कोवळ्या भोरडीचे डोके अंगासारखेच फिकट.

3) पंख : साळुंकी उडाली की पंखावर पांढरा पट्टा उघडतो आणि शेपटीचे टोकही पांढरे दिसते. भोरडीच्या पंखावर तसा पट्टा नाही.

4) पाय : साळुंकीचे पाय पिवळे, भोरडीचे गुलाबीसर.

5) वागणूक : साळुंकी बहुधा जोडीने, नांगरामागे ऐटीत चालते. भोरडी थव्याने येते, थव्यानेच वळते आणि थव्यानेच कणसावर उतरते. मात्र संध्याकाळी साळुंक्याही वडा-पिंपळावर शेकड्याने जमतात. म्हणून नुसता थवा पाहून निकाल देऊ नका, डोळा आणि पंख पाहा.

याशिवाय भांगपाडी मैना म्हणून तिसरी एक आहे. अंग तांबूस, डोक्यावर मागे वळवलेल्या काळ्या केसांसारखी टोपी. तिला भोरडी समजून मारू नका.

कोण कुठली?

साळुंकी आपल्याच गावची. बारा महिने इथे राहते, भिंतीच्या नाहीतर झाडाच्या ढोलीत घरटे करते. भोरडी पाहुणी आहे. मध्य आशिया आणि पूर्व युरोपाकडे तिची वीण होते. पावसाळा सरताना ती आपल्याकडे येते आणि उन्हाळ्याच्या तोंडी परत जाते. ज्येष्ठात दिसली ती भोरडी नव्हे, हे लक्षात ठेवा.

दोघीही किडे खातात. टोळांसाठी म्हणून 1762 साली हिंदुस्थानातून साळुंक्या मॉरिशस बेटावर नेल्या होत्या. चीनच्या शिनजियांग प्रांतात टोळ कमी व्हावेत म्हणून भोरडीसाठी दगडांची घरटी बांधून देतात. म्हणजे पाहुणीही नुसती चोर नाही. हरभऱ्यात ती उतरली तर बसू द्या, घाटेअळी वेचील. पळस-पांगाऱ्याच्या फुलांवर असेल तर तिथेही हाकलू नका. राखण करायची ती दाणा दुधात आल्यापासून टणक होईपर्यंत.

उपाय काय करावा?

• सकाळी उजाडल्यापासून दोन-तीन तास आणि दुपार कलल्यावर राखण हवीच. पहिला थवा बसण्याआधी हाकला. एकदा चटक लागली की थवा हटत नाही.

• माळ्यावरून गोफण, डबा वाजवणे हे जुने उपाय खरे आहेत. बुजगावण्याची जागा दर दोन दिवसांनी बदला.

• चकाकणारी फीत पीळ देऊन कणसांच्या जरा वर ताणून बांधा. वाऱ्याने ती चमकते आणि आवाज करते.

• शिवारातली पेरणी शक्यतो एका वेळी करा. एकट्याचे शेत आधी दाण्यावर आले तर सगळा थवा त्याच्यावर येतो.

• विषारी दाणे टाकू नका. भोरडी कणसावर बसते, बांधावरचा दाणा साळुंकी, होला आणि आपली कोंबडी टिपते. पाटोद्याकडे नायगावला मोरांचे अभयारण्य आहे, त्या भागात तर मोराच्या पोटात विष जायचे.

त्या वर्षानंतर मी लांबून सल्ला देत नाही. बांधापर्यंत जातो, पाखराचा डोळा पाहतो, मग बोलतो. तुम्हीही तसेच करा. साळुंकी असेल तर राहू द्या. भोरडी असेल आणि दाणा दुधात असेल, तर गोफण घ्या. आणि हे पान घरातल्या पोरांनाही वाचून दाखवा. माळ्यावर बहुधा तीच बसतात, आणि त्यांची नजर आपल्यापेक्षा तेज असते.