चाळीस दिवसांचा बर्फ, उन्हाळ्याचे पाणी
काश्मीर खोऱ्यात 21 डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांच्या कडाक्याच्या थंडीला ‘चिल्लई कलान’ म्हणतात. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी विक्षोभ या काळात डोंगरांवर जोरदार हिमवर्षाव करतात. गारठ्यात पडलेला हा बर्फ थरावर थर साचून घट्ट होतो आणि उन्हाळ्यात सावकाश वितळतो. झरे, नाले आणि झेलम नदी मुख्यतः त्यावर वाहती राहतात. भातशेती, सफरचंदाच्या बागा, पिण्याचे पाणी आणि जलविद्युत यांचा तो आधार आहे. उशिरा, मार्चमध्ये पडलेला बर्फ मात्र लवकर वितळून वाहून जातो. जानेवारी 2024 मध्ये खोऱ्यातील पर्यटनस्थळ गुलमर्गचे उतार बर्फाविना जवळपास कोरडे होते. अशी बातमी केवळ पर्यटनाच्या नुकसानीची समजू नये. ती पुढच्या पाणीटंचाईची पूर्वसूचना असते.