धूर, विस्तव आणि राख : सौम्य कोविड झालेलं मूल आणि घरची आजी

2020 साली आपल्यापैकी अनेकांच्या घरात एक प्रश्न उभा राहिला होता. नातवाला दोन दिवस कणकण, थोडी सर्दी. तिसऱ्या दिवशी तो खेळायला लागला. पण रिपोर्ट पॉझिटिव्ह. आता त्याने आजीजवळ कधी जायचं? प्रश्न वैद्यकाचा आहेच. पण आपण कशावरून काय ठरवतो, हा अनुमानाचाही प्रश्न आहे.

त्या वेळी आपण दोन अनुमानं सर्रास करत होतो. पहिलं : लक्षणं नाहीत, म्हणजे विषाणू नाही. दुसरं : रिपोर्ट पॉझिटिव्ह, म्हणजे संसर्गाचा धोका आहेच.

पहिलं घेऊ. धूर दिसला की अग्नी आहे, हे न्यायशास्त्रातलं उदाहरण आपल्याला माहीत आहे. पण धूर नाही म्हणून अग्नी नाही, असं म्हणता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. दक्षिण कोरियात 2020च्या सुरुवातीला सौम्य आजाराच्या मुलांनाही विलगीकरणात ठेवून पुन्हा पुन्हा तपासलं गेलं. अशा 91 मुलांपैकी 20 जणांना शेवटपर्यंत एकही लक्षण नव्हतं. तरी त्यांच्यात विषाणूचा आरएनए सरासरी 14 दिवस सापडत राहिला. सगळ्या मुलांची सरासरी होती सुमारे साडेसतरा दिवस.

मग मूल साडेसतरा दिवस संसर्ग देतं का? इथे दुसरं अनुमान फसतं, बरं का. आरटीपीसीआर चाचणी आरएनएचे तुकडे शोधते. विषाणू जिवंत आहे की मेलेला, हे ती सांगत नाही. राख सापडली म्हणजे विस्तव अजून धगधगतोय असं नव्हे. म्युनिकमधल्या नऊ प्रौढ रुग्णांमध्ये आठव्या दिवसानंतर जिवंत विषाणू वाढवता आला नाही. आरएनए मात्र मिळत होता. पण सुरुवातीला विस्तव असतो, मुलांमध्येही. जिनिव्हात लक्षणं असलेल्या 23 मुलांपैकी 12 जणांच्या नमुन्यांतून जिवंत विषाणू वाढला होता.

म्हणून मे 2020मध्ये भारत सरकारने सौम्य रुग्णांसाठी नियम बदलला : लक्षणं सुरू झाल्यापासून दहा दिवस झाले, शेवटचे तीन दिवस ताप नाही, तर पुन्हा चाचणी न करता घरी सोडायचं; वर आणखी सात दिवस घरी जपून राहायचं. म्हणजे नियम रिपोर्टवर नाही, दिवसांवर उभा राहिला.

दोन्ही चुकांची किंमत माणसंच मोजतात. पहिल्या चुकीत ती आजी मोजते. दुसरीत, निगेटिव्ह रिपोर्टची वाट पाहत बंद दाराआड बसलेलं पोर. म्हणून मूल हसतंय की रिपोर्ट काय म्हणतोय, एवढ्यावर थांबू नये. आपण आधी विचारावं : आजचा दिवस कितवा?