नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

बारामती-इंदापूर भागात माळेगाव, सोमेश्वर किंवा भवानीनगरच्या कारखान्याचा शेअर आणि बँकेतली ठेव अनेक घरांत असते. फॉर्मवर थोरल्याचं नाव नॉमिनी म्हणून लावलं, की वाटणीचा प्रश्न मिटला असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात नॉमिनी (मृत्यूनंतर रक्कम स्वीकारण्यासाठी नेमलेली व्यक्ती) ती वारसांच्या वतीने घेतो. ऊसतोड टोळीची उचल मुकादमाच्या हातात पडते, पण ती सगळ्या टोळीची असते, तसंच हे. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या मालमत्तेच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीच्या शेअरबाबत हेच स्पष्ट केलं.

कोणाला काय मिळावं हे ठरवतं मृत्युपत्र. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. मात्र दोन साक्षीदारांचं साक्षांकन (आपली सही पाहून त्यांनी केलेल्या सह्या) हवंच. वडिलोपार्जित जमिनीत फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो, आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीही त्यात जन्मतः हिस्सेदार आहेत. ही गोष्ट घरात मोकळेपणाने बोलायला हवी.

पुढे एखादा गट विकला, मुलगा अकाली गेला, नातवंडं झाली, की कागद बदलावा. शेवटचं वैध मृत्युपत्रच ग्राह्य धरतात. नव्यात तारीख आणि ‘आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ हे वाक्य जरूर लिहावं.