शाळेतील ओल्या कचऱ्यापासून खत : विद्यार्थ्यांच्या उपक्रमासाठी आवश्यक माहिती

अन्नाचा अवमान करू नये, ही शिकवण आपल्याकडे लहानपणापासून दिली जाते. पानात वाढलेले संपवावे, हे मुलांना ठाऊक असते. परंतु भाजीची साले, देठ, शेंगांची टरफले हे खाण्याजोगे नसलेले शेष कोठे जातात, याचा विचार क्वचितच होतो. शाळेच्या भिंतीमागे ते फेकले की दुर्गंधी, माशा व डास यांची उत्पत्ती होते. तेच शेष योग्य रीतीने कुजविल्यास तीन ते चार महिन्यांत उत्तम खत बनते. अनेक शाळांतील विद्यार्थी असा उपक्रम उत्साहाने आरंभ करतात. पण तो पहिल्या पावसाळ्यापलीकडे टिकविणे हीच खरी कसोटी असते. त्या दृष्टीने उपयुक्त माहिती येथे देत आहोत.

शाळेत कचरा किती निघतो?

शालेय माध्यान्ह भोजन योजनेत (सन २०२१ पासून पीएम पोषण) प्राथमिक वर्गातील प्रत्येक मुलासाठी दररोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ व ५० ग्रॅम भाजी असे प्रमाण ठरलेले आहे. म्हणजे १०० मुलांच्या शाळेत रोज ५ किलो भाजी चिरली जाते. तिचा पाचवा भाग साले व देठ यांत जातो असे धरले, तर रोज १ किलो ओला कचरा निघेल. प्राथमिक शाळेचे वर्षाला किमान २०० दिवस कामाचे असतात. अर्थात वर्षाकाठी सुमारे २०० किलो कचरा साठतो. हा आकडा मोठा नाही. त्यामुळे मुलांना तो सहज हाताळता येतो.

दोन पद्धती, दोन्ही आपल्या परिसरातील

कंपोस्ट खताचे शास्त्र आपल्याला परके नाही. इंदूर येथे सन १९२४ मध्ये होळकर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर वनस्पती उद्योग संस्था स्थापन झाली. तिचे संचालक सर अल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी श्री. यशवंत वाड यांनी शेतातील काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर देऊन खत करण्याची पद्धती सिद्ध केली व सन १९३१ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. जगभर ती ‘इंदूर पद्धत’ या नावाने ओळखली जाते. ढीग तीन वेळा पालटावा आणि सुमारे तीन महिन्यांत खत तयार व्हावे, असा तिचा क्रम आहे. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते, म्हणून त्या काळात खड्ड्याऐवजी जमिनीवर ढीग रचावा, हेही त्यांनी सांगितले होते.

दुसरी पद्धत यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे श्री. ना. दे. पांढरीपांडे यांची. त्यांच्या नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘नाडेप’ म्हणतात. यात जमिनीच्या वर विटांचे टाके बांधतात व भिंतींत हवेसाठी झरोके ठेवतात. शेतासाठी १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच टाके प्रचलित आहे. शाळेला ३ फूट लांबी, रुंदी व उंचीची दोन छोटी टाकी पुरेशी होतात : एक भरत असता दुसऱ्यातील खत पक्व होत राहते. याहून फार लहान टाके घेऊ नये, कारण त्यात उष्णता टिकत नाही.

कुजणे आणि सडणे यांतील भेद

खत करणारे खरे कामगार म्हणजे डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव होत. त्यांना चार गोष्टी लागतात : ओला कचरा, सुका पाला, पाणी व हवा. ओल्या कचऱ्यात नत्र अधिक असते, तर सुक्या पाल्यात कर्ब अधिक असतो. नत्राच्या एका भागास कर्बाचे २५ ते ३० भाग हे प्रमाण त्यांना मानवते. व्यवहारात एक टोपले ओल्या कचऱ्यावर दोन ते तीन टोपली सुका पाला टाकावा. प्रमाण साधले की ढिगाचे तापमान ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते व रोगजंतू तसेच तणांचे बी बहुतांशी नष्ट होते.

केवळ ओला कचरा साचला तर तो घट्ट बसतो, आत हवा पोहोचत नाही आणि कुजण्याऐवजी सडणे सुरू होते. दुर्गंधी आली की सुका पाला कमी पडला किंवा पाणी अधिक झाले, असे समजावे. ओलाव्याची परीक्षा सोपी आहे. मूठभर मिश्रण दाबून पाहावे. पाण्याची धार लागली तर ते अति ओले, मूठ उघडताच भुगा झाला तर अति कोरडे; बोटांना ओल लागून गोळा टिकला तर योग्य.

बालाघाटसाठी विशेष सूचना

१) आपल्या जिल्ह्याचा निम्म्याहून अधिक भूभाग वनाच्छादित आहे. उन्हाळ्याच्या प्रारंभी पडणारा पाला शाळेच्या आवारात जाळला जातो. तो न जाळता पोत्यांत भरून ठेवावा. पावसाळ्यात कोरडा पाला मिळत नाही आणि बहुतेक उपक्रम तेथेच बंद पडतात. सागाची पाने चुरून घ्यावीत. धानाची तणस बारीक तोडून वापरता येते.

२) टाक्यावर छप्पर असावे व ते उंचवट्यावर असावे. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून व हातपंपापासून ते दूर ठेवावे.

३) उन्हाळी सुट्टीपूर्वी टाके पाल्याने व मातीने झाकावे आणि आठवड्यातून एकदा पाणी शिंपडण्याचे काम गावातील एका व्यक्तीकडे सोपवावे.

४) शिजलेले, तेलकट व खारट अन्न टाक्यात शक्यतो टाकू नये, त्याने उंदीर व कुत्री येतात. अन्न उरूच नये, असे मोजून वाढणे हा यावरील खरा उपाय आहे.

५) ढिगाच्या उबेत साप व विंचू आश्रय घेतात. ढीग पालटण्याचे काम मोठ्यांनी दाताळ्याने करावे. मुलांनी हाताने उकरू नये व काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत.

मंदिरातील फुलेही या टाक्यात टाकता येतात. मात्र दोरा, प्लास्टिक, जरी व चमकी आधी काढून घ्यावी.

यातून काय साधते?

२०० किलो ओला कचरा व त्यासोबतचा पाला यांचे खत वजनाने बरेच कमी भरते. शाळेच्या परसबागेला ते पुरते, शेताला नाही. परंतु या जिल्ह्यातील मुले धान पिकविणाऱ्या घरांतील आहेत. येथील चिन्नोर तांदळास सन २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जमिनीचा कस सेंद्रिय अंशावर अवलंबून असतो, हे ज्याने स्वतःच्या हाताने पाहिले, तो मोठेपणी तणस जाळण्यापूर्वी विचार करील. उलट टाके सडले व बुजविले गेले, तर कचरा दूर फेकणे हीच स्वच्छता, असा धडा त्याच मुलांच्या मनात राहील.

आपल्यापैकी अनेक भाविक व सभासद आपापल्या गावातील शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत. त्यांनी विटा, छप्पर, पाल्याची पोती आणि सुट्टीतील देखरेख एवढ्या चार गोष्टींची व्यवस्था करावी. उर्वरित काम मुले आनंदाने करतील. सर्वांनी या कार्यास हातभार लावावा, ही नम्र विनंती.