रनिंग किती झाले? : जुनी मोटार घेताना आकड्याचे मोल

जुनी मोटार पाहावयास गेलेला गृहस्थ बॉनेट उघडण्यापूर्वी, आरसी पुस्तिका मागण्यापूर्वी बहुधा एकच प्रश्न विचारतो : "रनिंग किती झाले?" आपल्याकडे 'मायलेज' आणि 'अ‍ॅव्हरेज' हे दोन्ही शब्द गाडी लिटरमागे किती किलोमीटर जाते यासाठी रूढ झाले, गाडीच्या एकूण धावेसाठी मग बाजारानेच 'रनिंग' हा शब्द पक्का केला. उत्तर चाळीस हजारांच्या आत आले की ग्राहकाचा चेहरा खुलतो. ऐंशी हजारांपुढे गेले की गाडीभोवती एक फेरीही न मारता तो शेजारच्या गाडीकडे वळतो. विक्रेत्याला हे पुरते ठाऊक असते, आणि म्हणूनच या आकड्याची पारख करणे अगत्याचे ठरते.

कर्ज काढून जुनी गाडी घेणाऱ्याच्या दृष्टीने तर हा केवळ कुतूहलाचा विषय नव्हे. जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर नव्या गाडीच्या कर्जापेक्षा सामान्यतः अधिक असतो, परतफेडीची मुदत कमी असते आणि कंपनीची हमी बहुधा संपलेली किंवा संपत आलेली असते. गाडी दारात येऊन सहा महिने होतात न होतात तोच क्लच वा गिअरबॉक्स निकामी झाला, तर दुरुस्तीचे बिल आणि कर्जाचा हप्ता हे दोन्ही एकाच पगारातून भागवावे लागतात. गाडी गॅरेजमध्ये उभी असली म्हणून हप्ता थांबत नाही. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. कर्जाची मुदत ठरवताना बँका प्रामुख्याने गाडीचे वय पाहतात, आणि रक्कम ठरवताना मूल्यांकन अहवाल. रनिंगचा आकडा त्या अहवालातील एक नोंद असतो, एवढेच.

आकडा मोजतो काय?

ओडोमीटर एकच गोष्ट मोजतो : चाकांनी किती अंतर कापले. इंजिन किती तास चालले, क्लच किती वेळा दाबला गेला, थंड इंजिन किती सकाळी सुरू झाले, यांपैकी कशाचीही नोंद त्या आकड्यात नसते.

उदाहरणादाखल दोन गाड्या घेऊ. पहिली मुंबईच्या गर्दीत ताशी सरासरी १४ किलोमीटर वेगाने २८,००० किलोमीटर चालली. दुसरी महामार्गावर ताशी सरासरी ५६ किलोमीटरने ८४,००० किलोमीटर चालली. भागाकार केला तर पहिलीचे इंजिन २,००० तास चालले आहे आणि दुसरीचे १,५००. कागदावर तिप्पट धावलेली गाडी इंजिनाच्या तासांनी लहान ठरते! शिवाय पहिल्या गाडीने सिग्नलगणिक पहिला गिअर, क्लच आणि ब्रेक यांचा मारा सोसला आहे. दुसरीने बराच काळ वरच्या गिअरमध्ये, एकसारख्या गतीने मार्ग कापला आहे. अर्थात महामार्गावरच्या गाडीचे सस्पेन्शन, चाकांची बेअरिंग आणि टायर अधिक झिजलेले असणार, हेही तितकेच खरे. म्हणजे झीज दोन्हीकडे आहे, परंतु ती निरनिराळ्या ठिकाणी आहे आणि तिची किंमतही निरनिराळी आहे.

घरापासून बाजारापर्यंत आणि शाळेपासून घरापर्यंत एवढेच चालणाऱ्या गाडीचा एक वेगळाच आजार असतो. दोन-तीन किलोमीटरच्या फेरीत इंजिन पुरते तापत नाही. त्यामुळे ज्वलनातून निर्माण होणारी पाण्याची वाफ आणि न जळलेले इंधन तेलात मिसळते, आणि तेल आपला गुण लवकर गमावते. वाहनाच्या पुस्तिकेत तेलबदलासाठी किलोमीटरसोबत महिन्यांचीही मर्यादा दिलेली असते व 'जे आधी होईल ते' असे स्पष्ट म्हटलेले असते, ते याच कारणाने. वर्षाला अडीच हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीचा मालक पुष्कळदा 'चाललीच नाही तर सर्व्हिसिंग कशाला' असा हिशेब करतो आणि दोन-तीन वर्षे तेच तेल वापरतो.

डिझेल गाडीच्या बाबतीत हा मुद्दा अधिकच कडक होतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ मानके लागू झाली आणि डिझेल गाड्यांच्या धुराच्या मार्गात काजळी अडवणारी गाळणी आली. ही काजळी जाळून टाकण्यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्यापैकी वेगाने चालावी लागते. केवळ गल्लीबोळांत फिरणाऱ्या गाडीत ती साचत जाते, आणि गाळणी बदलण्याचा खर्च जुन्या गाडीच्या किमतीच्या मानाने मोठा असतो. अशा गाडीचे 'फक्त अठरा हजार रनिंग' हे भूषण नसून धोक्याची खूण असू शकते.

वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीविषयी तर अधिक सावध असावे. रबराचे पाइप, पट्टे आणि सील वयाने कडक होतात व तडकतात. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते. बॅटरी मरते. टायरवरची नक्षी कोरी दिसली तरी रबर वाळलेले असते. आणि इमारतीच्या तळमजल्यावर झाकून ठेवलेल्या गाडीत उंदरांनी वायरी कुरतडल्या असतील, तर तो दोष नेमका शोधून काढणे कसलेल्या मेकॅनिकलाही जड जाते.

आकडा फिरतो, खुणा राहतात

अ‍ॅम्बॅसडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या काळात ओडोमीटर गिअरबॉक्सकडून येणाऱ्या केबलवर चाले. ती केबल सोडवून ठेवली की गाडी पळे आणि आकडा जागच्या जागी राही. डिजिटल मीटर आल्यावर ही लबाडी संपेल असे वाटले होते. झाले उलटेच. चिपमधील आकडा संगणकाच्या साहाय्याने थोड्या वेळात बदलता येतो, आणि जुन्या मीटरमध्ये वाकडे-तिकडे बसलेले अंक जी चुगली करीत, ती आता होत नाही.

अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने ओडोमीटरमध्ये फेरफार करण्यास मनाई केली आणि हस्तांतरणाच्या वेळी आकडा लेखी देणे विक्रेत्यावर बंधनकारक केले. ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणीच्या वेळी आकड्याची नोंद होते व ती कोणालाही पाहता येते. आपल्याकडे खाजगी मोटारीला पहिली पंधरा वर्षे योग्यता तपासणीच नाही. त्यामुळे दरवर्षीच्या आकड्याची अशी सार्वजनिक शृंखला तयार होत नाही. खरेदीदाराला ती स्वतःच जुळवावी लागते.

पहिला आधार अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या नोंदींचा. गाडीच्या क्रमांकावरून प्रत्येक भेटीची तारीख आणि त्या दिवसाचा आकडा तेथे मिळू शकतो. त्यासाठी मालकाने सोबत यावे. शेवटची नोंद चार वर्षांपूर्वी ६१,००० ची आणि आज मीटरवर ४३,००० असतील, तर पुढे बोलण्याचे कारणच उरत नाही. गाडी बाहेरच्या गॅरेजात जात असेल, तर बिले मागावीत आणि बॉनेटखाली तेलबदलाची चिठ्ठी चिकटवलेली आहे काय ते पाहावे.

टायरही पुष्कळ सांगून जातात. त्यांच्या बाजूवर चार अंकी संकेत असतो : '२३१९' याचा अर्थ २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. २०१९ च्या गाडीला २०२२ चे चारही टायर असतील आणि मालक एकूण धाव पंचवीस हजारच सांगत असेल, तर पहिले टायर एवढ्या लवकर का गेले हे विचारावेच. पायाखालच्या पेडलांचे झिजलेले रबर, चालकाच्या आसनाची दबलेली कड आणि गुळगुळीत झालेले स्टिअरिंग यांचे वय मीटरच्या वयाशी जुळले पाहिजे. ही चिन्हे एकेकटी फसवी असतात, कारण स्टिअरिंगला नवे कव्हर चढवणे अवघड नाही. मात्र सर्व मिळून ती सहसा खोटे बोलत नाहीत.

एक साधन मात्र बँकेच्या ग्राहकाला सहज सुचावे असे आहे. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला. 'गाडी फक्त हायवेवर चालली' असे सांगणाऱ्या विक्रेत्याने आपल्या फास्टॅगचे विवरणपत्र दाखवण्यास हरकत नसावी.

संघटित विक्रेत्यांकडून गाडी घेताना आणखी एक आधार आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये नियम अधिसूचित केले व ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. जुन्या वाहनांच्या विक्रेत्याला परिवहन प्राधिकरणाचे अधिकारपत्र घ्यावे लागते आणि ताब्यातील गाडीच्या प्रत्येक फेरीची, किलोमीटरसह, इलेक्ट्रॉनिक नोंदवही ठेवावी लागते. अधिकारपत्र पाहण्याची मागणी करण्यात संकोच बाळगू नये.

जे मीटरला दिसत नाही

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईतील असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या. २०१५ मध्ये चेन्नईवर हीच पाळी आली. पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून दूरच्या शहरात विक्रीला येऊ शकते, आणि तिचे रनिंग अगदी मोहात पाडण्याइतके कमी असू शकते. गालिचा उचलून खालचा गाळ पाहावा, आसनांच्या रुळांवरील गंज पाहावा, काचा बंद करून कुबट वास येतो काय ते पाहावे.

वयाचा प्रश्न कायद्याशीही जोडलेला आहे. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. नंतर पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. त्याचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आणि वीस वर्षांवरील गाड्यांसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० रुपये करण्यात आले. दिल्ली परिसरात तर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना मनाई केली. २०२५ मध्ये न्यायालयाने प्रथम मालकांवरील कारवाई रोखली व नंतर त्या सवलतीला मर्यादा घातली. अशी मुदत जवळ आलेली चांगल्या स्थितीतील डिझेल गाडी दिल्लीहून नागपूर वा इंदूरला स्वस्तात मिळते खरी. परंतु ना-हरकत प्रमाणपत्र, नव्या राज्यातील पथकर आणि उरलेले नोंदणीचे आयुष्य हिशेबात धरले की स्वस्ताई पुष्कळ आटते.

मग आकडा कोठे उपयोगी?

आकडा निरर्थक नाही. तो खरा असल्याची खात्री झाली, की पुढची कोणती मोठी कामे दाराशी आली आहेत ते त्यावरून कळते. काही इंजिनांत टायमिंगचा पट्टा असतो व तो ठरावीक अंतराने बदलावाच लागतो. तुटला तर इंजिनच उघडावे लागू शकते. काहींत त्या जागी साखळी असते. ७८,००० किलोमीटरवरची गाडी घेताना हा पट्टा, क्लच, शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि टायर यांपैकी काय बदलले आहे आणि काय बदलावयाचे आहे, याची यादी मेकॅनिककडून करून घ्यावी. तिची बेरीज विक्रेत्यापुढे ठेवून किंमत ठरवावी. क्लच आणि टायर नुकतेच बदललेली, नोंदी पूर्ण असलेली ८०,००० ची गाडी ही सर्व कामे शिल्लक असलेल्या, कागदहीन ४५,००० च्या गाडीपेक्षा सरस सौदा ठरू शकते.

विजेवरील गाड्यांत आकड्याला वेगळे वजन आहे. अनेक कंपन्या बॅटरीवर आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी होईल तोवर हमी देतात. तेथे शिल्लक किलोमीटर म्हणजे शिल्लक हमी होय. मात्र ती दुसऱ्या मालकाकडे कोणत्या अटींवर येते हे वाचावे आणि बॅटरीच्या आरोग्याचा अहवाल मागावा.

सौदा ठरल्यावर ताबा घेतानाच्या पावतीवर तारीख आणि वेळेबरोबर मीटरचा आकडा लिहून दोघांनी सह्या कराव्यात. विक्रेता व्यावसायिक असेल आणि आकडा खोटा निघाला, तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली तक्रार करताना हा कागद कामी येतो. आरसीवर पूर्वीच्या बँकेचा बोजा असेल, तर तो उतरल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये. विम्याचे हस्तांतरण १४ दिवसांच्या आत मागावे. पूर्वीच्या मालकाचा 'नो क्लेम बोनस' नव्या मालकाला मिळत नाही, तरी त्याच्या पॉलिसीवर तो किती टक्के आहे ते जरूर पाहावे. सलग पाच वर्षे दावा नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत पोहोचतो. सहा वर्षांच्या गाडीवर तो शून्य असेल, तर अलीकडे काय घडले ते विक्रेत्याला सरळ विचारावे.